न खोडता केलेल्या दुरुस्त्या

एखाद्या संकेतस्थळावरच्या दुव्यावर बोट टेकवले की दुसरे पान उघडते. तेवढ्या वेळात ब्राउझरने पलीकडच्या संगणकाला एक छोटी विनंती धाडलेली असते. तिच्यात बहुतेकदा एक ओळ अशी असते, की हा वाचक अमुक पानावरून आला आहे. या ओळीचे नाव 'रेफरर'. इंग्रजी कोशाप्रमाणे या शब्दाच्या पोटात 'आर' हे अक्षर लागोपाठ दोनदा यायला हवे. वेबच्या नियमावलीत मात्र ते एकदाच आहे : आर-ई-एफ-ई-आर-ई-आर. जगभरचे ब्राउझर आणि सर्व्हर क्षणोक्षणी हे अशुद्ध स्पेलिंग एकमेकांना पाठवतात आणि ते तसेच असल्यामुळे त्यांचे एकमेकांशी जमते.

हे नाव सुचवले फिलिप हॅलम-बेकर यांनी, वेब अगदी बाल्यावस्थेत असताना. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक नील्सन यांच्या नावे मे १९९६ मध्ये वेबच्या या नियमावलीचा, म्हणजे एचटीटीपीचा, पहिला अधिकृत दस्तऐवज निघाला, त्याचा क्रमांक १९४५. त्यात हे नाव चुकीच्या स्पेलिंगसह छापले गेले. युनिक्सवरच्या त्या वेळच्या शुद्धलेखन तपासनीसाला दोन्ही रूपे अनोळखी होती, असे फील्डिंग यांनी नमूद करून ठेवले आहे. यंत्राने बरोबर शब्दावरही बोट ठेवले असते आणि चूक शब्दावरही, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. चूक ध्यानात आली तोवर ती असंख्य प्रोग्रॅममध्ये जाऊन बसली होती. १९९९ च्या सुधारित दस्तऐवजाने कंसात कबुली दिली, की या नावाचे स्पेलिंग चुकलेले आहे, आणि पुढे तेच चुकलेले स्पेलिंग वापरायला सांगितले.

पुढे ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये हीच माहिती देणारा गुणधर्म आला तो दोन 'आर'चा. ही माहिती कितपत उघड करायची हे ठरवणारे 'रेफरर-पॉलिसी' नावाचे शीर्षही दोन 'आर'चेच. त्यामुळे आजचा प्रोग्रॅमर एका ओळीत एक 'आर' लिहितो आणि दुसऱ्या ओळीत दोन. यातले एकही रूप 'सुधारले', तर त्याचा प्रोग्रॅम गुपचूप बंद पडतो.

हे प्रकरण गाजले ते रोज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असल्यामुळे. पण इंटरनेटच्या नियमावल्यांमध्ये अशा बारीकसारीक चुका सुरुवातीपासून होत आल्या आहेत. कुठे एक शब्द गळाला, कुठे आकृतीतल्या बाणावर अर्धीच चिठ्ठी लागली, कुठे दोन पानांवर दोन वेगळी वाक्ये छापली गेली. त्या कशा दुरुस्त करायच्या, याची पद्धत बसायला तीस-चाळीस वर्षे लागली.

गोष्ट सुरू होते १९६९ च्या वसंतात. अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेच्या पैशांतून चार विद्यापीठीय केंद्रांमधले संगणक जोडायचे ठरले होते. त्यांनी एकमेकांशी काय भाषेत बोलावे हे मात्र कोणी ठरवलेले नव्हते. ते काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडले. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याकडे बैठकांची टिपणे काढायची जबाबदारी आली. ज्या मित्रांकडे तो राहत होता त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने रात्री न्हाणीघरात बसून पहिल्या टिपणाचा मजकूर लिहिला. त्यावर तारीख पडली ७ एप्रिल १९६९.

या टिपणांना काय म्हणावे, हा पेच होता. हे पोरसवदा विद्यार्थी. पूर्व किनाऱ्यावरून कोणी तरी खरे अधिकारी येतील आणि आपल्याला बाजूला सारतील, अशी त्यांना धास्ती. म्हणून नाव ठेवले 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे आमचे म्हणणे हे असे आहे, तुमचा अभिप्राय कळवा. त्याचेच लघुरूप आरएफसी. त्याच महिन्यात निघालेल्या तिसऱ्या टिपणात क्रॉकरने लेखनाचे संकेतही सांगून टाकले : मजकूर घासूनपुसून लखलखीत करत बसू नका, वेळेवर पाठवा, टिपण एका वाक्याचे असले तरी चालेल. लिहून काढलेली गोष्ट लोकांना आपोआप अधिकृत वाटू लागते, आणि नेमके तेच टाळायचे आहे, हेही त्याने तिथे स्पष्ट केले होते.

पण टिपणे वाचून लोक खरोखरीच यंत्रे बांधू लागले, तसा हा मोकळेपणा अंगाशी यायला लागला. दोन ठिकाणच्या प्रोग्रॅमरांनी एकाच वाक्याचा वेगवेगळा अर्थ लावला, तर दोन संगणक एकमेकांकडे नुसते बघत बसत. फेब्रुवारी १९७१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात या मंडळींची बैठक झाली आणि चक्क एक 'ग्लिच क्लीनिंग कमिटी', म्हणजे बारक्या खोड्या निस्तरणारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १०२ आणि १०७ या क्रमांकांच्या आरएफसींमध्ये आहे. समितीत स्वतः क्रॉकर होता. पुढे ई-मेलचा जनक म्हणून नाव झालेला रे टॉमलिन्सनही होता. समितीने जुन्या टिपणावर कुठेही शाई फिरवली नाही. तिने नव्या क्रमांकाचे टिपण काढले आणि आधीच्या कोणत्या मजकुराऐवजी आता काय धरायचे ते त्यात सांगितले.

या रिवाजाचा पुढे नियम झाला, आणि तो नियम कसोशीने पाळणारा माणूस होता जॉन पोस्टेल. पांढरी होत गेलेली लांब दाढी, पायांत सँडल, अंगाने अघळपघळ आणि कामात कमालीचा काटेकोर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९८ पर्यंत आरएफसींचा संपादक तोच. आधी लॉस एंजलिसच्या विद्यापीठात आणि नंतर त्याच परिसरातल्या मरीना डेल रे इथल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये बसून तो, आणि पुढे त्याच्या जोडीला सहकारी जॉइस रेनॉल्ड्स, प्रत्येक दस्तऐवज वाचत, सुधारत आणि क्रमांक देऊन बाहेर सोडत. साधी टंकलिखित अक्षरे, ओळीत जास्तीत जास्त ७२ खुणा, पानावर ५८ ओळी. एकदा क्रमांक पडला, की त्या मजकुरातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. बदल हवा असेल तर नवा क्रमांक घ्यावा, आणि नव्याच्या माथ्यावर लिहावे, की हा अमुक क्रमांकाला 'अद्ययावत करतो' किंवा 'कालबाह्य ठरवतो'.

या हट्टामागे व्यवहार होता. आरएफसींच्या प्रती टपालाने आणि पुढे नेटवर्कवरून जगभर जात. त्यांचा साठा अनेक संगणकांवर ठेवलेला असे. मूळ प्रत मागाहून दुरुस्त केली, तर एकाच क्रमांकाचे दोन वेगळे मजकूर फिरू लागणार, आणि दोन कंपन्यांचे अभियंते आपापल्या प्रतीकडे बोट दाखवून भांडणार. मजकूर चुकीचा असेना, पण सगळ्यांकडे तोच असला पाहिजे.

या नियमाची खरी परीक्षा पाहिली ती आरएफसी ७९३ ने. सप्टेंबर १९८१ मध्ये निघालेला, पोस्टेलनेच संपादित केलेला हा ८५ पानांचा दस्तऐवज म्हणजे टीसीपीची संहिता. माहितीचे तुकडे क्रमाने आणि न हरवता पोहोचवण्याचे जे काम इंटरनेटवर अखंड चालते, त्याचे नियम यात आहेत. टीसीपीत 'तातडीचा मजकूर' कळवण्याची एक सोय होती. समजा, कोणी दूरच्या संगणकावर काम करतो आहे, तिथला प्रोग्रॅम भरकटला आहे आणि तो थांबवायची आज्ञा द्यायची आहे. आधी पाठवलेली अक्षरे रांगेत तुंबलेली आहेत. अशा वेळी पुढे काही तातडीचे आहे, तिथवरचा मजकूर भराभर उरकून घ्या, असे पलीकडे कळवता यावे म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शीर्षात एक आकडा राखून ठेवला होता. तातडीचा मजकूर कुठे संपतो, ते हा आकडा सांगतो.

आता तो नेमका कशाकडे बोट दाखवतो? १७ व्या पानावर म्हटले होते, तातडीच्या मजकुरानंतरच्या पहिल्या बाइटकडे. ५६ व्या पानावरची कृती करून पाहिली, तर तो तातडीच्या मजकुराच्या शेवटच्या बाइटवर येऊन थांबे. फरक फक्त एकाचा. पण तातडीचा मजकूर पुष्कळदा एका बाइटचाच असे, आणि तिथे एकाचा फरक म्हणजे आज्ञा मिळणे किंवा भलतेच अक्षर हाती पडणे.

रेनॉल्ड्स आणि पोस्टेल यांनी मे १९८७ मध्ये अधिकृत प्रोटोकॉलांची जी यादी काढली, तिच्यात टीसीपीच्या नोंदीखाली ही चूक मान्य केली : १७ व्या पानावरचे वाक्य चूक, शेवटचा बाइट हेच बरोबर. ऑक्टोबर १९८९ मध्ये बॉब ब्रेडन यांनी संपादित केलेला आरएफसी ११२२ आला. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक संगणकाने काय काय केलेच पाहिजे, याचा तो जाडजूड जमाखर्च. आधीच्या आठ वर्षांत लोकांनी ७९३ वाचून जिथे जिथे ठेच खाल्ली होती, त्या जागा ब्रेडन यांनी कलमवार नोंदवल्या. तातडीच्या खुणेबद्दल त्यांनीही तोच निवाडा दिला. टीसीपीच्या अवस्थांची जी प्रसिद्ध आकृती आहे, चौकटी आणि बाणांची, तिच्यातल्या एका बाणावर फक्त 'एसीके पाठवा' असे लिहिले होते. तिथे 'एसवायएन आणि एसीके पाठवा' असे हवे, कारण ६८ व्या पानावरचा मजकूर तसेच सांगतो, हे त्यांनी दाखवून दिले. आणखी एक बाण आकृतीत असायला हरकत नव्हती, तो काढायचाच राहून गेला, हेही लिहिले. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ती आकृती पाठ्यपुस्तकांतून पाहिली आहे. मूळ दस्तऐवजात ती आजही जशीच्या तशी आहे.

ब्रेडन यांचा निवाडा स्पष्ट होता, पण यंत्रांनी तो मानला नाही. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये टीसीपी लिहिताना १७ व्या पानाचा अर्थ धरला गेला होता. तो प्रोग्रॅम इतक्या ठिकाणी नक्कल झाला, की दुसऱ्या बाजूने वागणारा संगणकच एकटा पडू लागला. लिनक्समध्ये एक कळ ठेवली गेली. ती चालू केली तर ब्रेडन यांच्या अर्थाप्रमाणे वागायचे. पण मुळात ती बंदच असते. म्हणजे कागदावर एक नियम आणि जगात त्याच्या उलट वहिवाट, अशी वीसेक वर्षे गेली.

सगळ्याच दुरुस्त्या अशा फसल्या नाहीत. जानेवारी १९९० च्या आरएफसी ११४१ ने एक सोयीचे सूत्र दिले होते. माहितीचे पाकीट प्रत्येक राउटरमधून जाताना त्याच्या शीर्षातला 'आयुष्या'चा आकडा एकाने घटतो, त्यामुळे शीर्षाची पडताळणी-बेरीज बदलते. ती दर वेळी पहिल्यापासून करण्याऐवजी फक्त फरक मिळवावा, असे ते सूत्र सांगत होते. मात्र ही बेरीज ज्या अंकगणितात चालते, त्यात शून्याची दोन रूपे असतात : सोळाच्या सोळा बिट शून्य, किंवा सोळाच्या सोळा बिट एक. क्वचित एखाद्या पाकिटाच्या बाबतीत हे सूत्र एक रूप काढी आणि पहिल्यापासून केलेली बेरीज दुसरे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या अनिल रिजसिंघानी यांनी मे १९९४ च्या आरएफसी १६२४ मध्ये हा घोळ एका उदाहरणाने उघड केला आणि सूत्रातला क्रम बदलून दिला. राउटर बनवणाऱ्यांना बदल करायचा तो आपापल्या आतल्या गणितात. पलीकडच्याशी जुळवून घेण्याचा प्रश्न नव्हता. त्यामुळे ही दुरुस्ती विनासायास रुजली.

१६ ऑक्टोबर १९९८ ला पोस्टेल गेला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. व्हिंट सर्फ यांनी त्याच्यावर लिहिलेला मृत्युलेख आरएफसी २४६८ म्हणून प्रसिद्ध झाला. आरएफसींच्या साठ्यात आदरांजलीही क्रमांक घेऊनच येते. संपादनाची धुरा रेनॉल्ड्स आणि ब्रेडन यांच्याकडे आली. तोवर इंटरनेट प्रयोगशाळेतून बाजारात गेले होते, आणि आरएफसी वाचणाऱ्यांची संख्या लिहिणाऱ्यांच्या कितीतरी पट झाली होती. संपादकांच्या टपालात चुका कळवणारी पत्रे येत. तीच चूक, तेच पान, दर वेळी नवा वाचक. या पत्रांचा पूर थोपवावा म्हणून २००० साली संपादकांनी एक यादी ठेवायला सुरुवात केली : अमुक आरएफसीत अमुक चूक आहे, आम्हाला ठाऊक आहे, पुन्हा कळवू नका. इंटरनेटचे शुद्धिपत्र जन्माला आले ते असे, संपादकांना जरा उसंत मिळावी म्हणून.

यादी फुगत गेली तसा नवा प्रश्न उभा राहिला. एखादी नोंद खरोखर दुरुस्ती आहे, की कळवणाऱ्याचे निव्वळ मत, हे कोणी ठरवायचे? स्वल्पविरामाची चूक संपादक ओळखू शकतो. पण 'येथे ६४ ऐवजी ६३ हवे' असे कोणी कळवले तर त्यासाठी त्या विषयातला जाणकारच लागतो. नोव्हेंबर २००७ मध्ये ऑनलाइन व्यवस्था आली आणि जुलै २००८ मध्ये आयईएसजी या देखरेख करणाऱ्या मंडळाने निवाड्याचे निकष जाहीर केले.

व्यवस्था साधी आहे. कोणीही नोंद करू शकतो. त्यासाठी पद लागत नाही की सभासदत्व. अर्जात मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली 'असे हवे होते' म्हणून दुरुस्त मजकूर द्यायचा, चूक तांत्रिक की केवळ भाषिक ते सांगायचे, आणि कारण लिहायचे. नोंद पडली की तिचा दर्जा 'कळवलेली'. मग त्या क्षेत्राचा संचालक ती तपासून तीनपैकी एक शिक्का मारतो : 'पडताळलेली', 'नाकारलेली' किंवा 'पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलेली'. हे संचालक बहुधा कोणत्या तरी कंपनीत नोकरी करणारे आणि हे काम वरकड म्हणून अंगावर घेतलेले असतात, त्यामुळे काही नोंदी वर्षानुवर्षे पहिल्याच शिक्क्यावर पडून राहतात. नोंदींचे क्रमांक आता आठ हजारांच्या पुढे गेले आहेत.

निकषांतला कळीचा मुद्दा असा, की दस्तऐवज निघाला त्या दिवशी जी चूक होती तीच चूक धरायची. त्या वेळी मंडळींच्या मनात जे होते ते कागदावर नीट उतरले नसेल, तर शुद्धिपत्र. पण मनात होते तेच आता पटेनासे झाले, किंवा अनुभवाने वेगळा मार्ग बरा वाटू लागला, तर शुद्धिपत्राच्या मागच्या दाराने बदल करता येणार नाही. त्यासाठी नवा मसुदा, नवी चर्चा, नवा क्रमांक. नाकारलेल्या नोंदींमध्ये अशा सुधारणांचा भरणा मोठा आहे.

चूक छापण्याआधीच पकडावी म्हणूनही एक टप्पा आहे. त्याला 'ऑथ-४८' म्हणतात. संपादकांनी भाषा तपासून तयार केलेली अंतिम प्रत सगळ्या लेखकांकडे जाते आणि त्यांनी ४८ तासांत होकार द्यायचा असतो. नावात ४८ तास असले, तरी प्रत्यक्षात आठवडे जातात, कारण पाच लेखक पाच देशांत असतात आणि त्यातला एखादा हमखास प्रवासात.

एवढे करूनही काय निसटते, याचे मासलेवाईक उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २००४ चा आरएफसी ३६९६. लेखक जॉन क्लेन्सिन, ई-मेलच्या नियमांचे अव्वल जाणकार. संकेतस्थळांवरचे अर्ज लोकांचे वैध ई-मेल पत्ते उगाच नाकारतात, अशी तक्रार होती. पत्ता तपासताना कोणते नियम लावावेत ते प्रोग्रॅमरांना एका जागी मिळावे, हा या माहितीपर दस्तऐवजाचा हेतू. त्यात लिहिले होते, की '@' च्या आधी जास्तीत जास्त ६४ खुणा, नंतर २५५, मधली खूण एक, म्हणजे पत्ता जास्तीत जास्त ३२० खुणांचा.

बेरीज बरोबर होती, पण पत्ता पोहोचत नव्हता. कारण टपाल पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये पत्ता ज्या जागेत लिहायचा त्या जागेलाच २५६ खुणांची मर्यादा आहे. तेव्हा ३२० चा पत्ता कागदावर वैध असला तरी पाकिटावर मावत नाही. शुद्धिपत्र निघाले आणि त्यात आकडा आला २५६. मग दुसऱ्या कोणी तरी ध्यानात आणून दिले, की त्या जागेत पत्ता दोन टोकदार कंसांमध्ये लिहावा लागतो आणि ते कंसही २५६ मध्येच मोजले जातात. पुन्हा नोंद झाली, क्रमांक १६९०, आणि आकडा ठरला २५४. शुद्धिपत्राचे शुद्धिपत्र! शिवाय त्याच दस्तऐवजातली चमत्कारिक पण वैध पत्त्यांची म्हणून दिलेली काही उदाहरणेच अवैध निघाली. अवतरणचिन्हे गळाली होती. मूळ आरएफसी ३६९६ उघडला तर तिथे आजही ३२० च दिसते. ज्यांनी फक्त तेवढेच वाचले, त्यांनी आपल्या डेटाबेसात पत्त्याच्या रकान्याला ३२० ची रुंदी दिली. त्याने नुकसान झाले नाही, थोडी जागा वाया गेली इतकेच.

नियम कसे लिहावेत याचा नियमही या फेऱ्यातून सुटला नाही. मार्च १९९७ मध्ये हार्वर्डचे स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी २११९ लिहिला. नियमावलीत 'केलेच पाहिजे', 'करता कामा नये', 'करावे', 'करू नये', 'केले तरी चालेल' अशा शब्दांचे वजन किती, हे त्याने ठरवून दिले. हे शब्द मोठ्या लिपीत लिहायची पद्धत पडली. प्रत्येक नव्या दस्तऐवजाने सुरुवातीला एक ठरावीक वाक्य घालावे, असेही त्यात सुचवले होते, आणि त्या वाक्यात अशा दहा शब्दांची यादी होती. पुढे हजारो आरएफसींमध्ये ते वाक्य जसेच्या तसे चिकटवले गेले. गंमत अशी, की 'शिफारस नाही' या अर्थाच्या शब्दजोडीचा अर्थ याच दस्तऐवजाच्या चौथ्या कलमात दिला आहे, पण ती जोडी त्या यादीत घालायची राहून गेली. ही चूक शुद्धिपत्रात ४९९ क्रमांकाने नोंदली आहे. चूक माहीत असलेल्या लेखकांनी ती आपल्या दस्तऐवजात भरून काढली, बाकीच्यांनी तशीच उतरवली.

त्याहून जास्त डोकेदुखी झाली ती लिपीची. एखाद्या लेखकाने 'पाहिजे' हा शब्द लहान लिपीत सहज ओघात लिहिला, तर तो नियम समजायचा की नाही? वीस वर्षे यावर खल चालू होता. मे २०१७ मध्ये बॅरी लायबा यांनी आरएफसी ८१७४ काढून सांगितले, की मोठ्या लिपीत असेल तरच वजन, एरवी तो साधा इंग्रजी शब्द. त्याच फटक्यात ठरावीक वाक्यात अकरावा शब्दही आला. या सगळ्या काथ्याकुटाची टर उडवणारा आरएफसी ६९१९ आधीच, १ एप्रिल २०१३ ला निघाला होता. त्यात नियमांच्या वजनाचे नवे शब्द सुचवले होते. त्यातल्या एकाचा आशय असा, की 'हे केलेच पाहिजे, पण तुम्ही करणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे'. या थट्टेचा क्रमांकही कायमचा.

दुसऱ्या संस्थांपुढेही हाच प्रश्न असतो. जिनिव्हाची आयटीयू आपल्या शिफारशींना 'कॉरिजेंडम' नावाची जोडपत्रे काढते, आणि आयईईई ही संस्थाही आपल्या मानकांसाठी तसे करते. पण तिथे दुरुस्ती कळल्यावर समितीच्या कामकाजातून ती बाहेर येते. आरएफसींच्या यादीत एखाद्या अनोळखी विद्यार्थ्याने काल रात्री केलेली नोंदही आज सगळ्यांना दिसते, भले तिच्यावर उद्या 'नाकारलेली' असा शिक्का का पडेना.

अलीकडे वाचकाची सोय थोडी वाढली आहे. पडताळलेल्या दुरुस्त्या मजकुरात जागच्या जागी बसवून दाखवणारी वेगळी प्रत संपादकांच्या संकेतस्थळावर मिळते. मूळ प्रत तिच्या शेजारी तशीच असते. २०१९ मध्ये साध्या टंकलिखित पानांची मक्तेदारी संपून एक्सएमएल हे अधिकृत रूप झाले. तेव्हा वेगळीच अडचण दिसली : तंत्र बदलले की जुन्या फाइलींची रचना नव्याने करावी लागणार, आणि नियम तर म्हणतो, हात लावायचा नाही. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७२० ने त्यातून वाट काढली. फाइलीचे रूप नव्याने काढता येईल, पण मजकुराच्या अर्थाला धक्का लागता कामा नये.

राहता राहिला टीसीपीचा वाद. फर्नांडो गॉन्ट आणि अँड्र्यू यूरचेंको या दोघांनी वेगवेगळ्या प्रणाली प्रत्यक्ष काय करतात ते पाहिले आणि जानेवारी २०११ च्या आरएफसी ६०९३ मध्ये त्याचा हिशेब मांडला. जवळजवळ सगळीच यंत्रे १७ व्या पानाप्रमाणे वागत होती. ज्या वाक्याला १९८७ आणि १९८९ मध्ये अधिकृतपणे चूक ठरवले होते, ते जगाने कधीच बरोबर मानून टाकले होते. मग त्यांनी निर्णय फिरवला : तातडीची खूण तातडीच्या मजकुरानंतरच्या बाइटकडे बोट दाखवते, हेच आता प्रमाण. ब्रेडन यांची दुरुस्ती रद्द झाली आणि पोस्टेलच्या काळातली 'चूक' नियम होऊन परत आली. वाटेतली काही सुरक्षा-उपकरणे ही खूण पुसूनच टाकतात, असेही त्यांना आढळले होते. म्हणजे इतका वाद झालेली ही सोय भरवशाची राहिलीच नव्हती.

ऑगस्ट २०२२ मध्ये वेस्ली एडी यांनी संपादित केलेला आरएफसी ९२९३ प्रसिद्ध झाला आणि ७९३ अखेर, ४१ वर्षांनी, 'कालबाह्य' ठरला. मधल्या काळात निघालेली दुरुस्तीपत्रके, ब्रेडन यांच्या जमाखर्चातला टीसीपीचा भाग, बाणावरची अर्धी राहिलेली चिठ्ठी आणि शुद्धिपत्रातल्या पडताळलेल्या नोंदी, हे सगळे त्यात एका जागी आले. प्रत्येक अटीला क्रमांक देऊन शेवटी तक्ता जोडला आहे, म्हणजे 'केलेच पाहिजे' अशा गोष्टी किती आणि कोणत्या, ते बोटावर मोजून दाखवता येते. तातडीच्या मजकुराबद्दल या नव्या संहितेत दोन अटी एकापाठोपाठ येतात : नव्या प्रोग्रॅमांनी ही सोय वापरू नये, आणि टीसीपी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती पुरवलीच पाहिजे.